कपडा आधी उलटा करून बघतात हो! शिवणस्पर्धेबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात म्हटलं होतं की स्पर्धेसाठी शिवताय तर अडलेलं-नडलेलं सगळं लिहून पाठवा, आणि पत्रं एवढी आली की सगळी घेणं शक्यच नाही, म्हणून सारखेसारखे प्रश्न एकत्र केलेत. निम्म्या पत्रांत एकच विचारणा आहे, ताई काय शिवलं की नंबर येतो? तसा काही ठरलेला कपडा नसतो हो. एवढंच सांगते की मी परीक्षकांच्या टेबलाला बसलेली आहे आणि तिथे कपडा हातात आला की सगळ्यात आधी तो उलटा केला जातो. पुढची उत्तरं त्याच नजरेने वाचा.

प्रश्न: ताई, मी घरीच शिवण शिकले. पहिल्यांदाच स्पर्धेत नाव दिलंय, हातात दोन महिने आहेत. डोक्यात सॅटिनचा लांब गाऊन आहे, खाली नेटचे तीन थर आणि गळ्याला मणीकाम. घरचे म्हणतात असं भारी काहीतरी केलंस तरच कोणी ढुंकून बघेल. आत्तापर्यंत फ्रॉक, स्कर्ट आणि साधे टॉप एवढंच शिवलंय. करू का?

उत्तर: नको गं, निदान या वेळी तरी नको. सॅटिन दिसायला जितकं देखणं तितकं शिवायला खाष्ट आहे. एकदा टाचणी टोचली की भोक राहतं, उसवलं की जुन्या टीपेची रेघ दिसत राहते, इस्त्री जरा जोरात दाबली की आतल्या मायेची (टीपेच्या बाहेर सोडलेल्या जादा कापडाची) कड सुलट बाजूला उमटते, आणि हे सगळं झाकायला वर ना प्रिंट ना टेक्स्चर, नुसती चकाकी, जी उलट प्रत्येक वेडीवाकडी टीप दाखवून देते. त्यात नेट म्हणजे हातातून पळणारा प्रकार. आणि मणीकाम शिलाईच्या रेषेवर आलं की तिथले मणी आधी काढायचे, टीप मारायची आणि मग पुन्हा हाताने बसवायचे, नाहीतर सुई मोडते. एकेक गोष्ट येते गं शिकायला, पण तिन्ही एकदम आणि तेही दोन महिन्यांत म्हणजे शेवटच्या आठवड्यात रात्री जागणं आलंच, आणि जागून केलेली टीप परीक्षकांना लगेच कळते.

माझं ऐकशील तर तुला येतं त्यातलंच काहीतरी घे आणि त्यात नवीन गोष्ट एकच घाल. फ्रॉक येतो ना? मग प्रिन्सेस कटचा फ्रॉक, पूर्ण अस्तर लावून, बाही नीट बसवलेली, मध्यम जाडीच्या सुती किंवा लिनन कापडाचा. हे ऐकायला फिकं वाटेल पण छातीवरून जाणाऱ्या त्या दोन गोलाईच्या शिलाया दोन्हीकडे तंतोतंत सारख्या आणि कुठेही चुणी न पडता बसवणं हे काय सोपं काम आहे का!

तरीही सॅटिनच हवं असेल तर टाचण्या फक्त मायेच्या आत लाव आणि मशीनला कोरी करकरीत ६० किंवा ७० नंबरची सुई घाल. (हा नंबर म्हणजे सुईची जाडी असते, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, ७० म्हणजे ०.७ मिमी.) उरलेल्या तुकड्यावर टीप मारून, उसवून, इस्त्री करून बघ. तो तुकडा बघूनच तुझं तूच ठरवशील.

आणि हे सगळं ठरवायच्या आधी नियमांचा कागद वाच. गुण डिझाइनला जास्त आहेत की शिलाईला, कपडा घालून दाखवायचाय की हॅंगरवर टांगायचाय, यावर अर्धं ठरतं. हॅंगरवर असेल तर फिटिंग कोणी बघणार नाही पण आतली बाजू दुप्पट बघतील.

प्रश्न: मी विकत मिळणारे कागदी पॅटर्न वापरते. मैत्रीण म्हणते हे चीटिंग आहे, ड्राफ्टिंग (मापांवरून स्वतः पॅटर्न काढणं) येत नसेल तर स्पर्धेत जाऊच नये. खरंय का? शिवाय पॅटर्नवर माझा साइझ एक येतो आणि दुकानातल्या कपड्यांचा वेगळाच!

उत्तर: चीटिंग कसलं? वेगवेगळ्या साइझमधले कागदी पॅटर्न विकायला अमेरिकेत एबेनेझर बटरिक यांनी १८६३ साली सुरुवात केली, म्हणजे दीडशेच्या वर वर्षं झाली, लोक घरी तसंच शिवतायत. 'स्वतःचं डिझाइन' असा गट असेल तर मात्र पॅटर्न चालणार नाही, तेवढं नियमात बघा. बाकी ठिकाणी फॉर्मवर पॅटर्न वापरलाय असं सरळ लिहून टाका.

साइझचं म्हणाल तर रेडीमेडचा नंबर विसरून जा, टेप घ्या. बऱ्याच पॅटर्न कंपन्यांचा बेत बी कप धरून केलेला असतो. म्हणून मापं दोन घ्यायची, एक छातीच्या सगळ्यात भरीव भागावर आणि एक काखेतून वरच्या बाजूला. दोन्हीत साधारण ५ सेंमीचा फरक असेल तर पॅटर्नवर सांगितलेला छातीचा साइझ सरळ घ्या. फरक जास्त असेल तर वरच्या मापावरून साइझ निवडा आणि समोरच्या भागात फक्त छातीपुरती जागा वाढवा. नाहीतर काय होतं, छाती बसते पण खांदा दंडावर उतरतो आणि मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, लोंबतो, मग बायका म्हणतात पॅटर्नच खराब होता.

प्रश्न: मांजरपाटाचा, म्हणजे साध्या कोऱ्या सुती कापडाचा, ट्रायल करायलाच हवा का? वेळ जातो आणि कापड वाया.

उत्तर: स्पर्धेसाठी असेल तर हवाच. वाया कसला जातोय, चांगल्या कापडावर कात्री चालवायच्या आधी तेवढी एकच सोय असते. फक्त वरचा भाग आणि एक बाही शिवली तरी चालेल, खालचा घेर नाही शिवला तरी. टाके मोठे ठेवा, ४ मिमीच्या पुढे, म्हणजे पटकन उसवता येतं. गळा-मुंढ्याच्या कडेला मायेच्या रेषेवर एक टीप मारून घ्या म्हणजे घालता-काढताना ताणणार नाही.

घातलं की आरशासमोर उभं राहून सुरकुत्या वाचायच्या. ताणलेली सुरकुती ज्या जागेकडे जाते तिथे कापड कमी पडतंय. छातीपासून काखेकडे तिरकी रेघ गेली तर छातीला जागा हवी, कंबरेवर आडव्या ताणलेल्या रेघा असतील तर कंबर किंवा सीट घट्ट आहे. सैल लोंबणारी आडवी घडी असेल तर लांबी जास्त झाली, सैल उभी घडी म्हणजे रुंदी जास्त. समोरचा मुंढा तोंड उघडतोय असं दिसलं तर तिथलं जादा कापड चिमटीत धरून टाचणी लावा आणि ते नंतर टकमध्ये (आकार द्यायला शिवलेल्या निमुळत्या चुणीत) फिरवा, मुंढ्याची गोलाई उगाच कापत बसू नका. मग खाली बसून बघा, हात वर करून बघा. सगळ्या दुरुस्त्या पेनने मांजरपाटावरच लिहा आणि उसवून तोच पुन्हा कागदावर उतरवा.

एक अडचण आहे. जॉर्जेट, क्रेप असं पडणारं कापड वापरणार असाल तर मांजरपाट फसवतो, तो ताठ उभा राहतो. तिथे त्याच वजनाचं कुठलंही जुनं कापड घ्या. आणि डिझाइनबद्दलच शंका असेल तर आधी निम्म्या मापात करून बघा, थोडक्या कापडात कळतं. मादलेन व्हिओने या पॅरिसच्या ड्रेसमेकर बाई, उरेब, म्हणजे धाग्याला तिरक्या धरलेल्या, कापडाच्या कपड्यांसाठी १९२० आणि ३०च्या दशकांत त्यांचं फार नाव होतं, त्यासुद्धा लहानशा लाकडी बाहुलीवर कापड लावून डिझाइन बसवायच्या.

प्रश्न: कापड कोरं आणि कडक दिसावं म्हणून मी न धुता शिवते. स्पर्धेनंतर धुतलं तर आटेल, पण तोवर निकाल लागलेला असेल ना?

उत्तर: हुशार आहात! पण न धुतलेलं सुती कापड वाफेच्या इस्त्रीतसुद्धा आटतं, म्हणजे शिवतानाच घोळ. अस्तर वेगळं आटलं तर बाहेरचं कापड फुगे धरतं. कडकपणा हवा तर धुवून वाळल्यावर खळ द्या. धुतल्यावर आडवा एक धागा ओढून कड सरळ कापून घ्या आणि कापड चौकोनात बसतंय का ते बघा, तिरकं असेल तर उरेबमध्ये खेचून सरळ करा. धागा तिरका राहिला की स्कर्टची बाजूची शिलाई पायाभोवती फिरत समोर येते, ती मग कुठल्याच इस्त्रीने सरळ होत नाही.

प्रश्न: मावशी, पूर्ण घेराच्या स्कर्टने रडवलंय. कंबर नेहमी मोठी होते, खालची कड वरखाली होते आणि हेम (खालच्या कडेचा दुमडून शिवायचा भाग) दुमडलं की चुण्याच चुण्या. मी कॉलेजला आहे, आमच्याकडे स्पर्धेला हाच विषय दिलाय.

उत्तर: रडू नको, तिन्हीची कारणं गणितात आहेत. कंबर भागिले ६.२८ केलं की त्रिज्या येते. कंबर ७० सेंमी असेल तर त्रिज्या ११.१. आता बहुतेक जणी ११.१ वर खडूने गोल काढतात आणि तिथेच कापतात, आणि मग १.५ सेंमी माया सोडून खाली टीप मारतात. म्हणजे खरी कंबर १२.६ च्या गोलावर गेली की नाही? तिथे घेर साडेनऊ सेंमीने वाढलेला असतो! टीप ११.१ वर यायला हवी, म्हणून कापायचं ९.६ वर. कापल्या कापल्या लगेच मायेत एक साधी टीप मार, कारण गोलात काही ठिकाणी कापड उरेब येतं आणि नुसतं उचललं तरी ताणतं.

खालच्या कडेचंही तेच, उरेब भाग स्वतःच्या वजनाने लांबतो आणि उभ्या-आडव्या धाग्याचा भाग लांबत नाही. त्यामुळे कंबरपट्टी लावून स्कर्ट टांगून ठेव, कमीत कमी एक पूर्ण दिवस, सैल विणीचं कापड असेल तर दोन-तीन दिवस. मग घालून उभी राहा आणि दुसऱ्या कोणाला तरी पट्टी जमिनीवर उभी धरून सगळीकडून सारख्या उंचीवर खुणा करायला सांग. तू जागेवरून हलायचं नाही, खुणा करणाऱ्याने तुझ्याभोवती फिरायचं. स्वतः वाकून खुणा केल्यास तर सगळंच चुकणार.

आणि हेम बारीक ठेव गं. पूर्ण घेरात ३ सेंमीचं हेम दुमडलंस तर कापलेली कड जिथे जाऊन बसते तिथला घेर त्या कडेपेक्षा जवळजवळ ३८ सेंमी लहान असतो, मग ते कापड चुण्या नाही घेणार तर काय करणार? ५-६ मिमीचं दुहेरी दुमडलेलं हेम कर. पहिली टीप कडेपासून ५ मिमीवर मारायची, त्याच टीपेवर दुमडून इस्त्री करायची, पुन्हा दुमडायचं आणि वरून टीप. ती पहिली टीप वाटाड्यासारखी काम करते, बोटाने अंदाज घ्यावा लागत नाही. याहून रुंद हेम हवंच असेल तर उरेब पट्टी लावून आत वळव.

प्रश्न: माझ्याकडे ओव्हरलॉक (कच्च्या कडा दोऱ्यांनी बांधणारं) मशीन नाही. साधं मशीन आहे, झिगझॅगही नाही, फक्त सरळ टीप. आतून धागे निघालेले दिसतात. भाड्याने ओव्हरलॉक करून आणू का?

उत्तर: आणलंत तरी गुण कमी होत नाहीत, नियमात बाहेरून काम करून घेणं बसत असेल तर. पण माझं विचाराल तर सरळ टीपेच्या मशीनवर जे होतं ते ओव्हरलॉकपेक्षा कितीतरी देखणं होतं आणि परीक्षकांचे डोळे तिथे चमकतात. फ्रेंच शिलाई करा. माया १.५ सेंमी धरलीय असं समजा. सुरुवातीला कापडाच्या उलट्या बाजू एकमेकींना लावायच्या, इथेच सवयीने हात चुकतो, आणि कडेपासून ९ मिमीवर टीप मारायची. मग माया कापून ३ मिमी ठेवायची, सगळीकडे सारखी, धागेबिगे निघालेले सगळे छाटून. शिलाई इस्त्रीने उघडून दाबायची, मग कापड पलटून सुलट बाजू आत घेऊन शिलाई अगदी कडेवर येईल अशी बोटाच्या चिमटीत फिरवत फिरवत बसवायची, पुन्हा इस्त्री, आणि आता ६ मिमीवर दुसरी टीप. नऊ आणि सहा पंधरा, हिशेब जुळला. आत एक बंद नळी तयार होते, एकही कच्ची कड दिसत नाही. छाटताना आळस केलात तर सुलट बाजूला शिलाईतून मिशा डोकावतात, म्हणून तो ३ मिमीचा टप्पा मनापासून करा.

हे पातळ कापडाला. जाड कापडाला फ्रेंच शिलाई केली तर दोरीसारखी टुचकन उभी राहते, तिथे माया उघडून दोन्ही कडांना पातळ उरेब पट्टीचा गोट घाला. मुंढ्यालाही गोटच बरा. जीन्सच्या पायाला असते तशी दुहेरी शिलाई शर्टाला आणि ट्राउजरला शोभते. एकाच कपड्यात तीन प्रकारची फिनिशिंग चालते का, असंही एकीने विचारलंय. चालते की, प्रत्येकीला कारण असेल तर.

प्रश्न: इनव्हिजिबल चेन लावली की खालच्या टोकाला फुगा येतो आणि कंबरेचा जोड दोन्ही बाजूंना वरखाली होतो. चार वेळा उसवून झालं, आता कापडही विरायला लागलंय.

उत्तर: पाचव्यांदा उसवू नका, आधी एका तुकड्यावर करा. ही चेन बाजूची शिलाई घालायच्या आधी लावायची असते. ज्या मायेवर चेन बसणार तिथे मागून २ सेंमी रुंद पातळ फ्यूजिंगची (इस्त्रीने चिकटणाऱ्या अस्तराची) पट्टी चिकटवा, विरलेल्या कापडाला तर हवीच. चेन उघडून तिचे गुंडाळलेले दात कोमट इस्त्रीने आडवे करा, गरम नको, दात नायलॉन-पॉलिएस्टरचे असतात, वितळतील. मग दोन्ही बाजू वरून खालीच शिवायच्या, एक वरून आणि दुसरी खालून शिवली की कापड सरकतं आणि जोड हलतोच.

कंबरेसाठी युक्ती अशी की एक बाजू शिवून झाली की चेन बंद करायची, आणि दुसऱ्या बाजूच्या पट्टीवर कंबरेचा जोड नेमका जिथे येतोय तिथे खडूने रेघ मारायची. चेन उघडून दुसरी बाजू लावताना ती रेघ आणि जोड एकमेकांवर आणून तेवढा २-३ सेंमीचा भागच आधी मोठ्या टाक्यांनी शिवून टाकायचा. बंद करून बघायचं, जुळलं तर पूर्ण टीप. नाही जुळलं तर दोन-तीन सेंमीच उसवायचंय.

खालचा फुगा येतो तो चेनची टीप आणि खालच्या शिलाईची टीप एका रेषेत नसल्यामुळे. खालची शिलाई घालताना चेनचं शेपूट बाजूला ओढून धरा, चेनफूट (चेन शिवायचा मशीनचा अरुंद पाय) लावा आणि जिथे चेनची टीप संपली तिथून एखाद सेंमी वरूनच, अगदी धाग्याएवढी बाहेर, सुरू करा. चेन लागणाऱ्या मापापेक्षा ३-४ सेंमी लांब घेतली तर स्लायडर वाटेत येत नाही. नंतर खाली हाताने घट्ट टाके घालून जादा कापून टाकता येते.

प्रश्न: मी पुरुष आहे आणि शर्ट शिवतो, स्पर्धेत चेक्सचा शर्ट द्यायचाय. सगळीकडे चेक्स जुळायला पाहिजेत का? किती कापड जास्त घेऊ?

उत्तर: अहो सगळीकडे जुळतच नाहीत, कापडाचा स्वभावच तसा नाही. समोरची बटणपट्टी जुळलीच पाहिजे, ती पहिली दिसते. मग बाजूच्या शिलाया, मग खिसा, मग बाहीचा समोरचा भाग मुंढ्याच्या खुणेपाशी. खांद्याचा जोड तिरका असतो, बाहीचा मागचा भाग गोलाईत जातो, तिथे आडव्या रेषा थोड्याफार जमल्या तर जमल्या. कॉलर मात्र मधोमध, पाठीच्या मध्यरेषेशी जुळवून.

बेतताना कापड दुहेरी घालून कापू नका, खालचा थर सरकतो आणि कळतही नाही. एकेरी पसरा, एक बाजू कापा, तोच तुकडा उलटा करून उरलेल्या कापडावर चेक्सवर चेक्स बसवा आणि दुसरी बाजू कापा. आणि जुळवायचं ते शिलाईच्या रेषेवर, कापलेल्या कडेवर नाही. कडा जुळवल्या की टीप मारल्यावर चेक्स हमखास सरकलेले दिसतात. जास्त कापड किती, तर चेक्सचा एक पूर्ण नमुना किती सेंमीत पुन्हा येतो ते मोजा आणि प्रत्येक मोठ्या तुकड्यामागे तेवढं धरा, म्हणजे पाठ, दोन समोरचे भाग, दोन बाह्या. नमुना १० सेंमीचा असेल तर अर्धा मीटर झालं.

खिसा जुळतच नसेल तर तो उरेबमध्ये कापा, ते मुद्दाम केलेलं दिसतं आणि शोभतंही. त्याला मागून फ्यूजिंग द्या, नाहीतर ताणून वाकडा होईल. चेक्स घेताना डावी-उजवीकडे आणि वर-खाली सारखे आहेत का तेही बघा. एकाच बाजूला जाड पट्टी असलेले असमान चेक्स नवख्याने घेऊ नयेत.

प्रश्न: हाताने तुरपाई केली की बाहेरून टाके दिसतात.

उत्तर: दोरा ओढताय. बाहेरच्या कापडाचा एकच धागा, फार तर दोन, सुईवर घ्या आणि दोरा सैल सोडा. सुई बारीक, दोरा हातभरच. हेमची कड थोडी उलटून तिच्या आत टाके घातलेत तर इस्त्रीत कडेची रेघही उमटत नाही.

प्रश्न: सगळं शिवून झाल्यावर एकदाच लॉन्ड्रीतून कडक इस्त्री करून आणते, तरी कपडा 'घरगुती' दिसतो. मैत्रिणीचा त्याच कापडाचा, त्याच पॅटर्नचा, तिचं मशीनही जुनं, पण दुकानातल्यासारखा दिसतो. काय करते ती?

उत्तर: ती शिवताना इस्त्री करते, एवढंच. शेवटी केलेली इस्त्री सुरकुत्या काढते, शिलाई बसवत नाही. एक शिलाई झाली की ती आडव्या शिलाईला जोडण्याआधी दाबलीच पाहिजे, कारण एकदा जोडली की तिथे इस्त्रीचं टोकच पोचत नाही. टीप मारली की आधी आहे तशी बंद शिलाईवर इस्त्री ठेवायची म्हणजे टाके कापडात बसतात, मग माया उघडून आतून दाबायचं, मग सुलट बाजूने वर पातळ सुती फडकं घालून. आणि दाबायचं म्हणजे ठेवायची आणि उचलायची, पुढे-मागे घासायची नाही, घासल्याने कापड ताणतं, उरेब तर नक्कीच. छातीचा टक किंवा प्रिन्सेस कटची शिलाई सपाट टेबलावर दाबली की तुम्ही दिलेला आकार तुम्हीच पुसला, त्यासाठी टॉवेल घट्ट गुंडाळून त्याच्या गोलाईवर दाबा.

गोल गळ्याच्या आत पट्टी किंवा अस्तर लावता ना, तिथे मायेला कैचीने बारीक काप द्या, दोन थर कमी-जास्त रुंदीचे छाटा आणि माया आतल्या पट्टीकडे वळवून फक्त पट्टी आणि मायेवर कडेलगत टीप मारा. बाहेरून ही टीप दिसत नाही, पण पट्टी पुन्हा बाहेर डोकावत नाही. मैत्रिणीचा गळा उलटून बघा, तिथे ही टीप सापडेल.

इस्त्रीवरचे ठिपके पाळा, एक ठिपका म्हणजे ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. सुती-लिननला तीन चालतात, लोकर आणि रेशमाला दोन, नायलॉनसारख्या सिंथेटिकला एकच, नाहीतर चकाकणारा डाग पडतो आणि तो जात नाही. मखमल तर सुलट बाजूने दाबायचीच नाही, मखमलीचाच तुकडा खाली ठेवून लव लवीवर घ्यायची आणि उलट बाजूने नुसती वाफ.

प्रश्न: चार वर्षांच्या मुलीचा फ्रॉक बालगटात द्यायचाय. गळ्याला नाडी आणि गोंडे लावलेत, गोड दिसतात. अजून काय सजवू?

उत्तर: सजवू नका, आधी गळ्याची नाडी काढा. लहान मुलांच्या कपड्यात गळ्याशी नाडी-दोरी म्हणजे खेळताना कुठेतरी अडकून फास बसायची भीती. युरोपात तर सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना गळ्याशी आणि टोपीला ओढायची नाडी नसावी असं सुरक्षेचं मानकच आहे. गोंडे हवेत तर खिशावर शिवून टाका. बटणं ओढून बघा, मूल ती तोंडात घालणारच. आत नेट किंवा टोचणारी लेस कातडीला लागत असेल तर खाली मऊ सुती अस्तर घाला. हेममध्ये ७-८ सेंमी कापड दुमडून ठेवलंत तर पुढच्या वर्षी उसवून फ्रॉक लांब करता येतो आणि परीक्षकांना तो विचार दिसतो, पण हे सरळ किंवा चुण्यांच्या घेराला, गोल घेराला नाही.

प्रश्न: बाही मला जमत नाही, ती काकूने लावून दिली. सांगायची गरज आहे का?

उत्तर: आहे. नियमात एकटीचं काम असेल तर उसवा आणि स्वतः लावा, किंवा बिनबाहीचं करा. बाहीच्या गोलाईला दोन ओळी मोठे टाके घालून दोरे ओढा, जादा कापड खांद्याजवळ वाटून घ्या, चुणी न दिसेल इतपत, आणि मशीनवर बाही खालच्या बाजूला ठेवा, खालचे दात जादा कापड आपोआप खेचून घेतात.

प्रश्न: मागच्या वर्षी माझ्या शेऱ्यात नुसतं 'फिनिशिंग कमी' एवढंच आलं. पहिला नंबर एका साध्या सरळ स्कर्टला! मी महिनाभर भरतकाम केलं होतं हो. आता काय सुधारू तेच कळत नाही.

उत्तर: राग येणारच, शेराही फार मोघम आहे. या वेळी निकालानंतर आयोजकांना विचारा की परीक्षकांशी पाच मिनिटं बोलता येईल का, आणि कपडा हातात घेऊन 'नेमकं कुठे?' असं विचारा. पण मागचा कपडा अजून घरात असेल तर तो आजच काढा, उलटा करा आणि खिडकीच्या उजेडात धरा. भरतकामाच्या मागे दोऱ्याच्या गाठी आणि लांब उड्या आहेत का? टीपेची सुरुवात आणि शेवट पक्का केलाय का, की दोरे लोंबतायत? दोन्ही खांदे एकमेकांवर ठेवा, दोन्ही बाह्या ठेवा, कॉलरची दोन टोकं ठेवा, काही मिलिमीटरचा फरकही डोळ्याला दिसतो. काजं आतून कापलेली आहेत की धागे निघतायत? बटणांना मागे दोऱ्याचा देठ आहे का? बटण काजात गेल्यावर कापड चिमटलं जात असेल तर तो देठ नाहीये. भरतकाम केलेल्या भागाला खाली फ्यूजिंग नसेल तर आजूबाजूचं कापड आकसलेलं असतं, आणि माझा अंदाज विचाराल तर तुमचा शेरा तिथूनच आलाय, महिनाभर भरलेलं काम म्हणजे कापडावर ताण पडणारच. असं असेल तर पुढच्या वेळी कापून ठेवण्याआधी भरतकाम करा, मोठ्या तुकड्यावर, आणि भरून, वाफ देऊन, मग पॅटर्न ठेवून कापा.

त्या साध्या स्कर्टचं म्हणाल तर तो मी बघितलेला नाही, पण सरळ स्कर्टला नंबर येतो तेव्हा बहुधा चेन दिसत नसते, अस्तर खालून डोकावत नसतं आणि मागची चीर उभं राहिल्यावर नीट बंद पडलेली असते.

देताना शेवटच्या दिवशी खडूच्या खुणा, अडकलेले कच्चे टाके आणि टाचण्या शोधा, टाचणी राहिली तर परीक्षकाचं बोट पहिलं सापडतं. जादा बटण आणि कापडाचा छोटा तुकडा आत शिवून ठेवा. घडी घालून पिशवीत कोंबू नका, मधे पातळ कागद घालून गुंडाळा. आणि हॅंगर रुंद खांद्याचा द्या, तारेचा दिलात तर बाहीच्या डोक्यावर उंचवटा येतो आणि नेमका तोच वरून आधी दिसतो.